साबुदाण्याच्या डब्यातले पैसे

*ताई,*

*मी इंदूरला सुदामानगरात राहते. हे गेल्याला सहा वर्षं झाली. लग्नाकार्यांचे लाडू, चिरोटे, अनारसे आणि रुखवत करून देते, त्यावर घर चालतं. माझ्या भावाचा मुलगा, वय २४, राज्यसेवेच्या तयारीसाठी खरगोनहून आला आणि दोन वर्षं माझ्याकडेच आहे. महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात भंवरकुआंला क्लासच्या मागच्या गल्लीत पोलिसांनी त्याला दोन मित्रांसह धरलं. बॅगेत १४० ग्रॅम गांजा निघाला. रात्री साडेनऊला त्याला घेऊन चार जण घरी आले. घरात गांजा सापडला नाही. पैसे मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवते, ते मात्र सापडले आणि विक्रीचे म्हणून घेऊन गेले. एकूण २,४६,५०० होते. एक लाख बीसीचे (आम्ही २० जणी महिन्याला ५,००० भरतो, या महिन्यात माझा नंबर होता), ८५,००० गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बँकेतून काढलेले, ४७,५०० दोन लग्नांच्या ऑर्डरचे, आणि उरलेले घरखर्चातून वाचलेले. कागदावर त्यांनी २,४०,००० लिहिले, ते मी सही केल्यावर पाहिलं. घाबरून मी त्या रात्री "सगळे बीसीचे आहेत" म्हणून गेले.*

*मुलगा जामिनावर घरी आला आहे. तो वाईट नाही हो. गेले काही महिने क्लासमध्ये शिकवून घरात ७,००० रुपये हातावर ठेवत होता. दीर म्हणतात, पैशाचं नाव काढू नका, बोभाटा होईल, गेले समजा. कॉलनीच्या ग्रुपवर वाद चाललाय की नशेचा पैसा पोलिसांनी उचललाच पाहिजे, निर्दोष असेल तो सिद्ध करील. माझं नाव कुणी घेत नाही, पण वाचते मीही. मैत्रिणीचा मुलगा म्हणतो, मागच्या तारखांची बिलं छापून देतो, ती दाखवा. काय करू?*

*— एक आत्या*

ताई,

तुमच्या दिरांची दोन शब्दांत गल्लत झाली आहे. जब्त होणं वेगळं आणि राजसात होणं वेगळं. जब्त म्हणजे पोलिसांनी पुरावा म्हणून ताब्यात घेतलं आणि मालखान्यात ठेवलं. मालक बदलला नाही. राजसात म्हणजे सरकारजमा, आणि तो हुकूम ठाण्याचे टीआय, म्हणजे ठाणेप्रमुख, काढू शकत नाहीत. तुमचे पैसे आज पहिल्या पायरीवर आहेत. "गेले समजा" म्हणून तुम्ही गप्प बसलात, तर दुसऱ्या पायरीवर त्यांना तुम्हीच नेऊन पोचवाल, कारण ज्या रकमेवर कुणी हक्क सांगत नाही तिच्याबद्दल कोर्ट तरी दुसरं काय करणार?

कायदा आहे १९८५ चा, अमली पदार्थांचा, एनडीपीएस. गांज्याचं "लहान प्रमाण" त्यात एक किलोपर्यंत धरतात आणि २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण. १४० ग्रॅम म्हणजे लहान. त्याला शिक्षा वर्षभरापर्यंत किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सांगते ते भाच्याला हलकं वाटावं म्हणून नव्हे. याच कायद्यात १९८९ साली बेकायदा मिळकत गोठवायचं आणि सरकारजमा करायचं एक अख्खं प्रकरण घातलं गेलं. मिळकत कष्टाची आहे हे तिथे ज्याची आहे त्यालाच सिद्ध करावं लागतं, आणि नातेवाइकांची मालमत्ताही त्या जाळ्यात येते. ते प्रकरण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. एका वर्षाच्या गुन्ह्याला ते लागत नाही. ठाण्यात कुणी तुम्हाला "आता घरसुद्धा जाईल" असं बोललं असेल, तर ते विसरा.

मग तुमची रक्कम कशावर अडकली आहे? कलम ६२ वर. अमली मालाच्या विक्रीतून आलेला पैसा राजसात व्हायला पात्र, असं ते कलम सांगतं. तिथे विक्री दाखवावी लागते, आणि त्या विक्रीचा पैसा हाच, हेही. भाच्याच्या बॅगेतल्या पुडीपासून तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीपर्यंत धागा ओढायचं काम पोलिसांचं आहे. तो धागा त्यांच्याकडे आहे की नाही हे मला माहीत नाही. तुम्हाला मात्र माहीत असायला हवं. त्याकडे येतेच, आधी ग्रुपवरच्या वादाबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही तो रात्री उशीवर डोकं ठेवून वाचता हे पत्रात लिहिलं नसलं तरी दिसतंय.

तुमचे शेजारी अर्धे बरोबर आहेत. आपण माळव्यातले लोक अफूबद्दल अंग चोरून बोलतो, पण ब्रिटिशांनी १८३० च्या दशकात माळव्याच्या अफूवर पासाचं शुल्क बसवलं तेव्हा इंदूर त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. आजही मंदसौर, नीमच, रतलामकडे परवान्याची अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, आणि या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. परवान्याच्या शेतातून डोडाचुरा (अफूच्या वाळलेल्या बोंडांचा चुरा) आणि अफू बाजूला जाते ही इथे कुणाला नवी गोष्ट नाही. मोठा धंदेवाला माल कधी जवळ ठेवत नाही. माल पोरं वाहतात, तो पैसा सांभाळतो. पोरगं तुरुंगात गेलं तर दुसरं मिळतं, पैसा गेला तर धंदा बसतो. म्हणून पैशावर हात टाकायला माझा विरोध नाही. तीस वर्षं जिल्हा कोर्टात काळा कोट घातला, त्यातली बरीचशी आरोपींच्या बाजूनं, तरी नाही.

"निर्दोष असेल तो सिद्ध करील" हे त्यांचं उरलेलं अर्धं मात्र मला पटत नाही. त्या वाटेनं अमेरिका पुष्कळ पुढे गेली आहे. तिथे खटला माणसावर न भरता पैशावरच भरता येतो. खटल्याचं नावच मुळी "अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर". २००३ साली नेब्रास्का राज्यात महामार्गावर वेगानं गाडी चालवली म्हणून एकाला थांबवलं. गाडीत अमली पदार्थ नव्हता. कूलरमध्ये अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नोटा होत्या आणि पोलिसांच्या कुत्र्यानं अमली पदार्थाच्या वासाचा इशारा केला. तो म्हणाला, आम्ही मित्रांनी पैसे जमवून शीतवाहनाचा ट्रक घ्यायला नेले होते. २००६ मध्ये अपील कोर्टानं पैसे सरकारकडेच राहू दिले. शिवाय तिथे १९८४ पासून अशा पैशातला वाटा पोलिसांच्याच खात्यात जायची सोय आहे, केंद्राबरोबर मिळून केलेल्या कारवाईत स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत. ज्यानं उचलायचं त्यालाच मिळायचं, मग संशय यायला कितीसा वेळ लागणार? न्यू मेक्सिकोनं २०१५ मध्ये तो प्रकारच बंद केला, शिक्षा झाल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही असं ठरवून. ब्रिटनमध्ये हजार पौंडांवरची रोकड संशयावरून उचलता येते, पण ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. मला ते ४८ तास आवडतात.

आपल्याकडे जब्त रक्कम ठाण्याच्या तिजोरीची होत नाही, एवढी एक बरी गोष्ट. त्या १९८९ च्या प्रकरणाखाली जी मालमत्ता सरकारजमा होते तिच्या विक्रीचा पैसा नशा रोखण्यासाठीच्या राष्ट्रीय निधीत जातो. पण टेबलावर नोटांचा पंखा करून, मागे चार साहेब उभे राहून काढलेले फोटो तुम्हीही पेपरात पाहिले असतील. १४० ग्रॅम गांज्याची बातमी होत नाही. "गांज्यासह अडीच लाख रोख" म्हटलं की होते. तुमचा साबुदाण्याचा डबा त्या रात्री कशासाठी उघडला गेला, याचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं.

त्या अमेरिकी खटल्यातली आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायची ठेवली होती. त्या माणसानं पोलिसांना आधी सांगितलं होतं की गाडीत पैसे नाहीत. मग सापडले, मग ट्रकची गोष्ट आली. कदाचित ट्रकची गोष्ट खरीच असेल. पण पहिला शब्द खोटा निघाला, आणि तो न्यायाधीशांनी मोजला. तुमचा पहिला शब्द काय होता? "सगळे बीसीचे." आता चार हिशेब सांगणार आहात. तेव्हा पैसे परत मागायचा जो अर्ज कोर्टात कराल, त्यासोबतच्या शपथपत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा की त्या रात्री घाबरून मी असं म्हटलं, ते अपुरं होतं, खरा तपशील हा. समोरच्यानं काढण्याआधी आपण काढलेली चूक निम्मी होते.

आता उलटतपासणी. रागावू नका, कोर्टात कुणीतरी करणारच.

एक लाख, ८५,००० आणि ४७,५०० यांची बेरीज २,३२,५००. तुम्ही एकूण सांगता २,४६,५००. मधले १४,००० तुम्ही "घरखर्चातून वाचलेले" म्हणता. आणि दोन ओळी खाली लिहिता की भाचा महिन्याला ७,००० हातावर ठेवत होता. सात दुणे चौदा.

मी चुकत असेन. पण तुम्हाला ते सुचलं नसेल असं मला वाटत नाही, फक्त तुम्ही ते एका ओळीत लिहिलं नाहीत. आज संध्याकाळी चहा झाल्यावर, दीर घरात नसताना, भाच्याला विचारा: कुठल्या क्लासमध्ये शिकवत होतास, पगार कसा मिळायचा, कुणाला विचारलं तर सांगेल? तो क्लासचं नाव घेऊन फोन लावून देईल तर देव पावला. खाली बघत बसला तर तेही उत्तरच. मग ते १४,००० अर्जात घालायचे नाहीत. त्यावर तुमची शपथ पडायला नको. त्याचे होते तर तो सांगेल, तो भोगेल. त्याच्या खिशातून घेतलेलं जे काही असेल तेही तुमच्या अर्जात आणू नका. तुमचा अर्ज २,३२,५०० चा, एका विधवा बाईच्या कष्टाचा आणि बीसीचा, एवढाच स्वच्छ राहू द्या.

हा प्रश्न विचारायला जड जाईल. पण तुम्ही विचारायच्या आधी सरकारी वकिलानं विचारला तर तुमचे खरे दोन लाख बत्तीस हजारही त्या चौदा हजारांच्या रंगात रंगतील.

मैत्रिणीच्या मुलाला चहा पाजा आणि बिलबुक घरी न्यायला सांगा. मागच्या तारखेचं बिल म्हणजे कोर्टासमोर बनवलेला खोटा पुरावा, आणि तो गुन्हा भाच्याच्या गुन्ह्याहून भारी आहे. तुम्हाला त्याची गरजही नाही. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर आल्या असणार: "आत्या, अनारसे १५० नग, बुधवारपर्यंत" असला एक मेसेज छापील बिलापेक्षा खरा दिसतो, कारण तो तेव्हाच लिहिलेला असतो. सियागंजातून गूळ, खसखस, तूप आणलंत त्याच्या किराणा पावत्या पिशवीच्या तळाशी सापडतील. ज्यांच्या घरी लग्नं झाली त्यांनी दोन ओळींचं शपथपत्र दिलं तर उत्तमच, पण त्यांच्या घरी नवी सून आली आहे, संकोचतील. आग्रह करू नका. ८५,००० ना बँकेचं पासबुक आहे. वॉटरप्रूफिंगवाल्यानं अंदाजपत्रक दिलं असेल, तेही जोडा. फोनमधले मेसेज मात्र आजच स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा.

अर्ज कुठे करायचा? गुन्हा लहान प्रमाणाचा असल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. इथे त्याला सुपुर्दगीचा अर्ज म्हणतात, पुण्या-मुंबईकडचे वकील सुपुर्तनामा म्हणतील. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ४९७ खाली किंवा ५०३ खाली अर्ज करायचा, हे रक्कम कोर्टात हजर केली आहे की नुसती जब्तीची खबर दिली आहे यावर ठरेल. वकिलाला आधी तेवढंच पाहायला सांगा, कारण जब्तीची खबर लगेच मॅजिस्ट्रेटला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. हेल्पलाइन १५१००.

तुमच्या वकिलाच्या हातात दोन निकाल असू द्या. पहिला सुप्रीम कोर्टाचा २००२ चा, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. जब्त वस्तू आणि नोटा वर्षानुवर्षं ठाण्यात कुजवत ठेवू नका. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि हक्कदाराला द्या, असं त्यात सांगितलं आहे. (त्या खटल्यातले आरोपी खुद्द पोलीस होते. मुद्देमालातल्या चांगल्या वस्तू बदलून खोट्या ठेवल्याचा आणि ठाण्यात ठेवलेली रक्कम खाल्ल्याचा आरोप होता. सुपुर्दगीचा एवढा मोठा निकाल मालखान्याच्याच अब्रूवरून आला, याची मला दर वेळी गंमत वाटते.) दुसरा जानेवारी २०२५ चा, बिश्वजित डे यांचा. त्यांच्या ट्रकमध्ये दुसऱ्याच कुणी नेलेल्या साबणाच्या डब्यांत हेरॉइन सापडलं होतं. एनडीपीएसचा खटला आहे म्हणून खटला चालू असताना वाहन मालकाला परत देताच येत नाही असं नाही, असं कोर्टानं सांगितलं. तो निकाल वाहनाचा आहे, नोटांचा नाही, हे तुमच्या वकिलानं लपवू नये. पण दुसऱ्याच्या गुन्ह्यात तिसऱ्याची वस्तू अडकली, हा धागा तुमचाच आहे.

पैसे मिळाले तरी ते हमीपत्रावर मिळतील, म्हणजे खटला संपेपर्यंत "हुकूम झाला तर परत आणून देईन" या बोलीवर. बीसीचे ठीक, पण गच्चीला लगेच हात लावू नका. मुदत ठेवीत टाका. या पावसाळ्यात ताडपत्री चालेल.

राहिले ६,५००, तुमच्या मोजणीत आणि कागदावरच्या २,४०,००० मध्ये पडलेला फरक. हा तुमच्या मनातला काटा आहे आणि तो खोल गेलाय, हे पत्राच्या अक्षरावरून कळतं. २,४०,००० या आकड्याखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. नव्या संहितेत झडती आणि जब्तीचं मोबाइलवर का होईना, ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं आहे, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. त्या मुद्रणाची प्रत मागणारा वेगळा अर्ज द्या. त्यात नोटा मोजताना दिसतील, किंवा मोजताना दिसणार नाहीत, दोन्ही उपयोगाचं. तुमच्या मुख्य अर्जात एकच वाक्य घाला: माझ्या मोजणीप्रमाणे रक्कम २,४६,५०० होती, पत्रकात २,४०,००० लिहिली आहे. चोरी हा शब्द लिहू नका. तुमचे २,३२,५०० पत्रकातल्या आकड्याच्या आत बसतात, तेव्हा ते सुटेपर्यंत या भांडणाला पुढच्या बाकावर बसवू नका. नंतर चीड टिकलीच तर बघू. सही करण्याआधी वाचायला हवं होतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. रात्री साडेनऊला चार खाकी माणसं स्वयंपाकघरात उभी असताना मीही वाचलं नसतं.

साडेनऊचा मुद्दा वेगळा आहे. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांना पाठवावी लागते. ते कागद भाच्याच्या वकिलानं मागावेत. तुमचा आणि त्याचा वकील एक नसावा. तुमचं म्हणणं "हे पैसे माझे" एवढंच आहे, त्याचं म्हणणं काय असेल ते अजून ठरायचंय.

बोभाट्याचं म्हणाल तर तो होऊन गेला. चार माणसं गाडीतून उतरली तेव्हा समोरच्या गच्चीत कोण उभं होतं ते तुम्हाला पाठ असेल. आता उरलंय ते एवढंच की कॉलनीतल्या वीस जणींना कळेल, आत्यानं पैसे सोडून दिले. त्याचा अर्थ त्या काय लावतील? दिरांना हे माझं नाव घेऊन सांगा, मला त्यांचा राग चालेल.

भाचा ओढत असेल, विकत नसेल, तर सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला जाणाऱ्याला कायद्याच्या कलम ६४अ मध्ये सवलत आहे. त्याच्या वकिलाला विचारायला सांगा आणि १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा. फोन त्यानं करायचा, तुम्ही नाही.

आणि एक. बीसीची वही ज्या बाईकडे असते, तिच्याकडे उद्याच जा. अशा वह्या बहुतेक पाडव्याला बदलतात, आणि जुनी वही रद्दीत गेली की गेली. तुमच्या नावापुढे एक लाखाची नोंद आणि तुमची सही असलेल्या पानाचा फोटो काढा, वहीचं मुखपृष्ठही त्यात येऊ द्या. जमलं तर ती वहीच काही दिवसांसाठी मागून आणा. फक्त डब्यात ठेवू नका.